सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, चालता चालता बंद पडतं: ईसीएमचा सप्लाय आणि अर्थ कसा तपासायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागते. कोल्हापूरच्या कावळा नाक्यापर्यंत नीट चालते आणि सिग्नलला उभी असताना एकदम बंद पडते. सेल्फ मारला तर फिरतो, इंजिन उचलत नाही. पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडून थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. गॅरेजला नेली की दिवसभर व्यवस्थित. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही, नाहीतर एकदम सहा-सात कोड आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मग क्रँक सेन्सर बदलतात, चार दिवस बरे जातात. मग पेट्रोल पंप बदलतात. मग थ्रॉटल बॉडी. शेवटी कुणीतरी सांगतं, "ईसीएम गेलाय," म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर गेलाय, आणि किंमत ऐकून गाडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळतं.

अशी गाडी आली की मी आधी ईसीएमकडे बघतच नाही. त्याला बॅटरीकडून काय मिळतंय (सप्लाय) आणि त्याचा करंट बॅटरीकडे परत कुठून जातोय (अर्थ, म्हणजे अर्थिंग), हे दोन रस्ते मोजतो. तेही लोड असताना, म्हणजे हेडलाइट, ब्लोअर वगैरे करंट ओढत असताना. 'ईसीएम गेला' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींचा ईसीएम शाबूत निघतो आणि बिघाड एखाद्या बोल्टखाली, रिलेच्या (करंटनं चालणाऱ्या स्विचच्या) पायात नाहीतर टेप गुंडाळलेल्या जोडात सापडतो. हे काम ज्याच्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि घाई नाही, त्याला जमतं.

करंट ईसीएमपर्यंत कसा पोचतो

ईसीएमला साधारणपणे तीन प्रकारचा सप्लाय आणि एकापेक्षा जास्त अर्थ असतात. पहिला थेट बॅटरीचा, चावी काढली तरी चालू राहणारा. त्यावर ईसीएमची आठवण टिकते. दुसरा चावीचा. चावी 'ऑन' केली की तो येतो आणि ईसीएमला कळतं की आता जागं व्हायचंय. तिसरा मेन रिलेचा, आणि खरं वजन तोच उचलतो. बऱ्याच गाड्यांत चावीचा सप्लाय आला की ईसीएम स्वतः मेन रिलेच्या कॉइलला अर्थ देतो, रिले टक् करतो, आणि मग बॅटरीचा जाड करंट ईसीएमला, इंजेक्टरना आणि कित्येक सेन्सर-सोलेनॉइडना मिळतो. इग्निशन कॉइलना काही गाड्यांत चावीच्या लाइनवरून, काहींत रिलेवरून.

या रचनेमुळे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. मेन रिले लागत नसेल तर रिले खराब असेल, पण ईसीएमला अर्थ नसल्यामुळे तो रिले ओढू शकत नाही असंही असेल. दोन्हीचं लक्षण एकच. रिले बदलून काम झालं नाही म्हणजे ईसीएम गेला, हा निष्कर्ष इथेच चुकतो.

चावी बंद केल्यावरही ईसीएम काही सेकंद रिले धरून ठेवतो, स्वतःची कामं आवरतो आणि मग सोडतो. म्हणून चावी काढली की लगेच ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) ओढायचा नाही. थोडं थांबा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मग हात घाला.

मीटर हातात घेण्याआधी

चावी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर चेक लाइट लागली का? लागायलाच हवी आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवी. चावी ऑन असताना ती लागतच नसेल तर ईसीएम जागाच झालेला नाही असं धरून चाला. क्वचित दिवा गेलेला किंवा कुणी मुद्दाम काढलेला असतो, तेवढं बघून घ्या. दुसरं, बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो. रेडिओ बंद करून, काचा वर करून ऐका. आवाज नाही आणि चेक लाइटही नाही, तर पंप बदलण्याचा विचार बाजूला ठेवा. दोन्ही गोष्टी एकाच जागी तुटल्या असण्याची शक्यता जास्त.

आता सेल्फ मारताना बघा. सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन अजिबात उचलत नाही आणि चावी सोडायच्या क्षणी एकदम उचलतं, असं होत असेल तर इग्निशन स्विचचे आतले पॉइंट झिजलेत. चावी 'स्टार्ट'वर असताना ईसीएमचा चावीचा सप्लाय तुटतो, चावी 'ऑन'वर परत आली की येतो, आणि तेवढ्यात फिरत्या इंजिनाला ठिणगी मिळते. चावीला जड कीचेन लावायची सवय असेल तर हा स्विच लवकर ढिला पडतो. चालू गाडीत चावी हलक्या हातानं हलवून बघितलं की सापडतो. हे गाडी उभी असताना करा, रस्त्यावर नाही.

आणखी एक ओळखायची खूण. सेल्फनं लागत नाही पण धक्का मारून लगेच लागते, अशी गाडी असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज ईसीएमच्या गरजेखाली जातंय. सेल्फ शेकड्यांत अँपिअर ओढतो; बॅटरी थकलेली असेल किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा साका असेल तर तेवढ्या वेळापुरता ईसीएम झोपतो. सेल्फ मात्र फिरतच राहतो, म्हणून बॅटरीवर कुणाला संशय येत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला धक्का मारायचा प्रयोग करू नका.

बॅटरीपासूनच सुरुवात

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या, त्या अवस्थेत पुढचं कोणतंही माप खरं मानू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग स्वतः कमी-जास्त करतात, त्यांत हा आकडा जरा हलता दिसेल. १५ च्या वर जात असेल तर डायनमोचा रेग्युलेटर बघा, आणि तोवर गाडी फिरवू नका.

डायनमोचा एखादा डायोड गेला की डीसी व्होल्टेज जवळपास ठीक दिसतं, पण त्यावर एसीचा थरथराट चढतो. त्यानं सेन्सरची मापं भरकटतात आणि गाडी कारण नसताना झटके देते. मीटर एसीवर ठेवून, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीच्या टर्मिनलवर बघा. अर्धा व्होल्ट एसीच्या वर दिसलं तर डायनमो उतरवायला लागणार.

१२ व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय आला असं नाही

नव्या पोरांना मी सगळ्यात जास्त वेळा हेच सांगतो. वायरच्या आतल्या सगळ्या तारा तुटून एकच केसाएवढी शिल्लक असली तरी डिजिटल मीटर १२.५ दाखवतो. कारण मीटर स्वतः जवळपास करंट ओढतच नाही. नदीवरून उसाला आणलेल्या पाइपलाइनचा व्हॉल्व बंद असताना प्रेशरचा काटा पूर्ण दाब दाखवतो, पाइप आतून गाळानं भरलेली असली तरी. व्हॉल्व उघडल्यावर कळतं किती पाणी येतंय ते. वायरचंही तसंच आहे, म्हणून लोडखाली मोजायचं.

हिशोब सोपा आहे. जोडात एक दशांश ओहम अडथळा आला आणि त्यातून १० अँपिअर जायला लागले की तिथेच एक व्होल्ट खर्च होतो. एक दशांश ओहम साध्या मीटरवर ओहममध्ये मोजायला गेलात तर दिसणारही नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा तेवढा असतो. म्हणून ओहमवर वेळ घालवू नका. व्होल्टेज कुठे खर्च होतंय ते मोजा.

पद्धत अशी. इंजिन चालू असेल तर चालू ठेवा, नसेल तर चावी ऑन ठेवा. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळं टोक ईसीएमच्या सप्लायच्या पिनला, कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूनं बारीक सुई सरकवून. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट त्या रस्त्यात हरवले. ०.२ पर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेत काहीतरी आहे. मग लाल टोक तिथेच ठेवून काळं टोक एकेक टप्पा मागे आणत जा: रिलेचा बाहेर जाणारा पाय, रिलेचा आत येणारा पाय, फ्यूजची दोन्ही टोकं, फ्यूजबॉक्सचा मोठा बोल्ट. जिथे आकडा एकदम खाली येतो, बिघाड त्या दोन टप्प्यांच्या मध्ये.

बॅटरीच्या खांबाला टोक लावायचं म्हणजे खांबालाच, टर्मिनलच्या कड्याला नाही. कित्येकदा बिघाड त्या दोघांच्या मधल्या साक्यातच बसलेला असतो.

इंजिन सुरूच होत नसेल तर ईसीएमचा कपलर काढून त्या सप्लायच्या पिनला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब झगझगीत पेटला तर रस्ता ठीक. मेन रिले ईसीएमच ओढत असल्यानं कपलर काढल्यावर तो सोडतो. म्हणून रिलेच्या सप्लायची परीक्षा घेताना रिलेच्या सॉकेटमधले ३० आणि ८७ नंबरचे पाय तात्पुरते फ्यूज घातलेल्या वायरनं जोडावे लागतात. हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या वायरींना. सेन्सरच्या आणि सिग्नलच्या पिनांना बल्बचा टेस्टलॅम्प लावला तर चांगला ईसीएम खरोखरच जाईल. कोणती पिन कशाची, हे त्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरूनच ठरवा. वायरीच्या रंगावर अंदाज बांधायचा नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांनी रंग बदललेले असतात.

स्कॅनर असेल तर याहून सोपी एक पायरी आहे. लाइव्ह डेटामध्ये 'कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज' नावाची ओळ शोधा. हा आकडा ईसीएम स्वतः सांगतो, त्याला किती मिळतंय ते. त्याच वेळी मीटर बॅटरीवर ठेवा. बॅटरीवर १४.१ आणि ईसीएम म्हणतोय १३.२, तर काही न उघडता कळलं की वाटेत ०.९ हरवतायत. मोबाइलला जोडायचे स्वस्तातले अ‍ॅडॉप्टर जे व्होल्टेज आपसूक दाखवतात ते बहुधा स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनचं असतं, ईसीएमचं नाही. ती गफलत होऊ देऊ नका.

अर्थ: सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात

गारगोटीकडच्या एका शिक्षकांची गाडी आली होती. त्यांचं म्हणणं, "मामा, गाडी तापली की बंद पडते. सेन्सर बदलून झाले, आता ईसीएम सांगितलाय." सकाळी गार हवेत ती कितीही पळत होती. गर्दीत, चढावर, कडक उन्हात बंद. उष्णतेचाच दोष वाटावा अशी सगळी लक्षणं.

मी म्हटलं, "सर, तापते म्हणून बंद पडते की फॅन लागतो म्हणून, ते आधी बघूया."

इंजिन चालू ठेवून मीटरचं लाल टोक ईसीएमच्या अर्थच्या पिनला, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावलं. आकडा ०.०५. एकदम उत्तम. दहा मिनिटांनी रेडिएटरचा फॅन फिरला आणि आकडा एक व्होल्टच्या वर गेला. हेडलाइट लावली तर आणखी चढला आणि इंजिन गचके द्यायला लागलं. त्या गाडीत फॅन, डावा हेडलाइट आणि ईसीएम यांचे अर्थ बॅटरीशेजारच्या एकाच बोल्टवर होते. काही महिन्यांपूर्वी डाव्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, आणि पेंटरनं अर्थची कडी काढून रंग मारून वरून परत बोल्ट आवळला होता. कडीच्या खाली चकचकीत नवा रंग. करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात होता. फॅन लागला की तो सगळा करंट त्या अडथळ्यातून जायचा आणि ईसीएमचा 'शून्य' एक व्होल्ट वर उचलला जायचा.

ईसीएमचा शून्य उचलला गेला की त्याची सगळी मापं डगमगतात. वर १४ आहेत हे खरं, पण त्याला मिळतात १२.८, तेही फॅनबरोबर वर-खाली होत. आणि ज्या सेन्सरचा अर्थ थेट इंजिन किंवा बॉडीवर आहे, त्याचं आणि ईसीएमचं शून्य आता वेगळं. मग असंबद्ध कोडांची माळ लागते. रंग खरवडून पत्रा उघडा केला, कडी घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. फॅन आणि हेडलाइट चालू असताना आकडा ०.०६.

अर्थच्या रस्त्यात ०.१ व्होल्टच्या आत हवं. ही परीक्षा फॅन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू असतानाच घ्यायची, आणि सेल्फ मारतानाही घ्यायची. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी बघायला विसरू नका. ती तुटली किंवा सडली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो, क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, केबल गरम होते. संशय असेल तर जंप केबलनं बॅटरीची निगेटिव्ह थेट इंजिनच्या ब्लॉकला जोडून बघा. लक्षण तेवढ्यात गेलं तर उत्तर मिळालं.

अपघाताची दुरुस्ती, रंगकाम, गिअरबॉक्स उतरवणं, नवी बॅटरी बसवणं, यांच्या आगेमागे तक्रार सुरू झाली असेल तर ते सांगा. इतकं सांगितलं तरी मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

रिले आणि फ्यूज

फ्यूज डोळ्यांनी बघून ठरवू नका. वरच्या दोन्ही बारीक टोकांना मीटर लावा, दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज हवा. फ्यूज चांगला पण त्याला धरणारं पितळी पान ढिलं, हे फार आढळतं; फ्यूजच्या प्लॅस्टिकवर तपकिरी डाग किंवा वितळल्याची खूण असेल तर तिथे उष्णता तयार होतेय. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. पुढचा नंबर वायरिंगचा, आणि मग आगीचा.

मेन रिलेचं सॉकेट उघडलं की ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे बहुतेक रिलेवर छापलेले असतात. ३० ला कायम बॅटरी हवी. ८५ आणि ८६ कॉइलचे. कॉइल साधारण ६० ते १०० ओहम दाखवते. ८७ मधून करंट पुढे जातो. रिले टक् वाजला म्हणजे चांगला, असं समजू नका. आवाज कॉइलचा असतो. आतले पॉइंट जळून काळे पडलेले असू शकतात. इंजिन चालू असताना ३० आणि ८७ मधला फरक मोजा, ०.२ च्या खाली हवा. तसाच दुसरा रिले असेल, बहुधा हॉर्नचा, तर अदलाबदल करून बघायला हरकत नाही, मात्र वरचा नंबर आणि पायांची मांडणी तंतोतंत जुळली पाहिजे. काही रिलेंच्या आत डायोड असतो, तो नसलेला रिले घातला तर ईसीएमला झटका बसतो.

गरम झाल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीत कधी कधी रिलेच्या आतल्या डाखाला तडा गेलेला असतो. गार असताना तो जुळलेला, तापला की उघडतो. इंजिन चालू ठेवून रिलेवर केस वाळवायचा ड्रायर धरा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हळू ठोका. बंद पडली तर रिले बदला आणि त्याच वेळी सॉकेटची पानंही बघा, कारण ढिल्या पानानं नवा रिलेही तसाच जाईल.

पाच व्होल्टची गोष्ट

ईसीएमला १२ मिळूनही इंजिन विचित्र वागत असेल तर तो सेन्सरना देतो ते ५ व्होल्ट बघा. थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), अ‍ॅक्सिलरेटर पेडल, एअर कंडिशनरचा म्हणजे एसीचा प्रेशर असे कित्येक सेन्सर एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर असतात. त्यातल्या एकानं आतून शॉर्ट केलं की सगळ्यांचा सप्लाय बसतो. सेन्सरचे कपलर एकेक काढत जा आणि दर वेळी पाच व्होल्ट परत येतात का बघा. ज्याचा काढल्यावर आले, तो दोषी, किंवा त्याची वायर कुठेतरी घासलीय. गाडीच्या तोंडाशी, कंडेन्सरजवळ असलेला एसी प्रेशर सेन्सर पाणी आणि धूळ खाऊन असा त्रास देतो, आणि एसीचा सेन्सर इंजिन बंद पाडेल असं कुणाच्या मनातही येत नाही. सगळे काढूनही पाच येत नसतील तर परत मागे जा: १२ चा सप्लाय आणि अर्थ लोडखाली सिद्ध केलाय का?

कोडांबद्दल थोडक्यात. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०५६३ जास्त. पी०६८५ ते पी०६९० ही मेन रिले आणि त्याच्या सप्लायची मंडळी. पी०६४१ आणि पी०६५१ पाच व्होल्टच्या लाइनचे. यू०१०० म्हणजे बाकीच्या मॉड्यूलना (गाडीतल्या इतर कॉम्प्युटरांना) इंजिनचा ईसीएम ऐकू येत नाहीये. यातला कोणताही कोड इतरांच्या जोडीनं आला असेल तर आधी हाच सोडवा, बाकीचे बहुधा त्याच्या मागोमाग जातात. स्कॅनर एबीएसशी बोलतो, एअरबॅगशी बोलतो आणि फक्त इंजिनशी बोलत नाही, तर दोष सप्लायमध्ये, अर्थमध्ये किंवा कॅनच्या दोन वायरींत, ज्यांवरून ही मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर दोन टोकांपैकी एक तुटलंय. स्कॅनरच पेटत नसेल तर १६ नंबरच्या पिनचा फ्यूज बघा, अनेक गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या फ्यूजवर असतो. मोबाइलचा चार्जर चालत नाही आणि स्कॅनरही लागत नाही, असं एकत्र असेल तर ते एकच कारण.

आपल्याकडचे खास त्रास

ऊस तुटायला लागला की फडातले उंदीर बाहेर पडतात, आणि शेताकडेला किंवा वस्तीवर उभ्या राहणाऱ्या गाडीचं बॉनेट त्यांना उबदार मिळतं. वायर पूर्ण कुरतडली तर बरं, लगेच सापडते. अर्धी कुरतडलेली वायर वाईट. गाडी आठ दिवस चालते आणि मग एका खड्ड्यात बंद पडते. इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हातानं फुटाफुटानं हलवत जा, विशेषतः बॅटरीच्या ट्रेखाली आणि इंजिनच्या मागच्या बाजूला.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून फिरतायत, काही दोन-तीन मालक बदलून. काही मॉडेलचा ईसीएम किंवा फ्यूजबॉक्स आत, पायाजवळ असतो. गाडी वाळवून, कार्पेट बदलून विकली जाते. कपलरच्या आत मात्र तांबं हिरवं पडत राहतं. जुनी गाडी घेतली असेल आणि असा चकवा लागला असेल तर पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांचे नट-बोल्ट बघा. तिथे गाळाचा थर किंवा गंज दिसला तर प्रत्येक कपलर उघडून बघायची तयारी ठेवा. गगनबावड्याकडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाड्यांचंही तेच, फक्त सावकाश. आणि धुलाईला गाडी दिली की बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. रबराच्या सीलला तेवढा दाब झेपत नाही.

बाहेरून बसवलेला सीएनजी किट, रिमोट लॉक, जीपीएस, मोठा म्युझिक डेक, जादा लाइट यांपैकी काहीही असेल तर तपासणी तिथूनच सुरू करा. सीएनजीच्या किटला चावीचा करंट हवा असतो आणि इंजेक्टरच्या वायरी कापून त्यात शिरावं लागतं. काम चांगलं झालं असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळलेला जोड मात्र इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही. टेपचा डिंक वितळतो, आत ओल जाते. जोड नीट डाख देऊन किंवा दाबून करा आणि उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. जादा वस्तूंना बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या, ईसीएमच्या लाइनवर त्यांचं ओझं टाकू नका.

एक जुनी खोड अजून गेलेली नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी चालू राहिली की 'डायनमो चांगला' म्हणायचं. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून गेलं. आता बॅटरी सुटली की डायनमोचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं आणि त्या एका क्षणात ईसीएमपासून मीटरपर्यंत काहीही जाऊ शकतं. डायनमो मीटर लावून तपासा. बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही आधी बॅटरी काढा.

आणि खरंच ईसीएम गेला असेल तर

तसंही होतं. सप्लायच्या प्रत्येक पिनवर २१ वॅटचा बल्ब पूर्ण पेटतो, प्रत्येक अर्थ लोडखाली ०.१ च्या आत आहे, पाच व्होल्टच्या लाइनवरचे सगळे सेन्सर काढलेत आणि तरी पाच येत नाहीत, किंवा चावी ऑन करूनही रिलेची कॉइल ओढली जात नाही, तर तेव्हा ईसीएम उतरवायला हरकत नाही. आकडे कागदावर लिहून घ्या, दुरुस्त करणाऱ्याला ते लागतील. दुसऱ्या गाडीचा ईसीएम नुसता आणून लावला तर इमोबिलायझरमुळे (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेमुळे) गाडी बहुधा सुरूच होणार नाही. चाव्यांशी जुळवणी करावी लागते, म्हणून सगळ्या चाव्या सोबत न्या. नवा बसवण्याआधी जुना कशानं गेला ते विचारा आणि पाणी, शॉर्ट किंवा जास्त व्होल्टेज यांपैकी जे असेल ते आधी दुरुस्त करून घ्या. जुना ईसीएम परत मागून घ्या. त्याचं सॉफ्टवेअर आणि आतले भाग पुढच्या दुरुस्तीला उपयोगी पडतात, आणि बऱ्याचदा तो दुसऱ्या टेबलावर चांगलाच निघतो.